हरणाची शिकार आणि लहान कॅलिबरची गोळी : निवड कशी ठरते?

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर विद्यार्थ्याला (१) गोळीची ऊर्जा आणि भेदनक्षमता यांतील फरक सांगता येईल, (२) गोळीची रचना कॅलिबरपेक्षा महत्त्वाची का ठरते हे समजेल, (३) भारतीय कायद्याच्या चौकटीत या ज्ञानाचा उपयोग कुठे होतो ते सांगता येईल.

१. प्रस्तावना

बंगळूरुचे केनेथ अँडरसन (१९१०–१९७४) हे नाव शिकारकथांच्या वाचकांना परिचित आहे. त्यांची आवडती रायफल होती .४०५ विंचेस्टर. तिची गोळी ३०० ग्रेन वजनाची, म्हणजे सुमारे १९.४ ग्रॅम. ब्रिटिश काळात तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता. त्या मापाने ही गोळी दीड तोळ्याहून अधिक भरते. याउलट .२२३ रेमिंग्टन या आजच्या लहान कॅलिबरच्या काडतुसातली नेहमीची गोळी ५५ ग्रेनची असते. ती तोळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलकी आहे. इतक्या हलक्या गोळीने हरणासारखे जनावर तात्काळ मरेल का? इंग्लंड, अमेरिका अशा देशांत, जिथे हरणांची शिकार कायदेशीर आहे, तिथे हा प्रश्न रोजच्या व्यवहारातला आहे.

प्रश्न केवळ नेमबाजीचा नाही. चुकीची गोळी लागलेले हरीण पळून जाते आणि तास न् तास, कधी काही दिवस तळमळून मरते. वाघ किंवा बिबट्या असा जखमी झाला तर परिणाम माणसांनाही भोगावे लागतात. नरभक्षक बनलेल्या अनेक जनावरांच्या अंगावर जुन्या गोळ्यांच्या जखमा आढळल्याचे कॉर्बेट आणि अँडरसन या दोघांनीही नोंदवले आहे. म्हणून गोळीची निवड हा प्रथम वेदना टाळण्याचा प्रश्न आहे.

२. काही मूळ संज्ञा

बोलण्यात आपण ‘गोळी’ आणि ‘काडतूस’ हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. प्रत्यक्षात काडतुसाचे चार भाग असतात : पितळी टोपण, त्याच्या बुडाशी असलेली स्फोटक टोपी, आतली दारू आणि पुढे बसवलेली गोळी. नळीतून बाहेर पडते ती फक्त गोळी. कॅलिबर म्हणजे स्थूलमानाने नळीचा किंवा गोळीचा व्यास. .२२३ च्या गोळीचा व्यास ५.६९ मिलिमीटर, .२४३ च्या गोळीचा ६.१७ मिलिमीटर, तर .४०५ च्या गोळीचा सुमारे १०.४ मिलिमीटर असतो.

३. ऊर्जा : पहिली कसोटी

गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. वेगाचा वर्ग होत असल्याने हलकी पण वेगवान गोळीही बरीच ऊर्जा वाहून नेते. नळीच्या तोंडाशी असलेली ऊर्जा साधारण अशी :

- .२२ लाँग रायफल (४० ग्रेन, सेकंदाला ३३० मीटर) : सुमारे १४० ज्यूल
- .२२३ रेमिंग्टन (५५ ग्रेन, सेकंदाला ९८८ मीटर) : सुमारे १,७४० ज्यूल
- .२४३ विंचेस्टर (१०० ग्रेन, सेकंदाला ९०२ मीटर) : सुमारे २,६४० ज्यूल
- .४०५ विंचेस्टर (३०० ग्रेन, सेकंदाला ६७० मीटर) : सुमारे ४,३६० ज्यूल

पहिल्या दोन ओळी पाहा. दोन्ही गोळ्यांचा व्यास जवळजवळ सारखा आहे, पण ऊर्जेत बारा पटींचा फरक आहे. म्हणजे नुसत्या कॅलिबरवरून काहीच ठरत नाही. शिवाय हलकी गोळी हवेत वेग लवकर गमावते. .२२३ ची ५५ ग्रेनची साधी गोळी १०० यार्डांवर पोहोचते तेव्हा तिच्यात सुमारे १,२५० ज्यूलच उरतात.

४. भेदन : दुसरी कसोटी

हरीण लवकर मरावे यासाठी गोळीने छातीतील हृदय आणि फुप्फुसांपर्यंत पोहोचले पाहिजे. वाटेत कातडी, स्नायू, बरगड्या आणि कधी खांद्याचे हाड येते. गोळी किती खोल जाईल याचा एक ढोबळ निर्देशक म्हणजे छेदघनता : गोळीचे वस्तुमान भागिले व्यासाचा वर्ग. .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी घेतली तर हा आकडा दर चौरस मिलिमीटरला ०.११ ग्रॅम येतो. .२४३ च्या १०० ग्रेनच्या गोळीसाठी तो ०.१७ आहे आणि अँडरसन यांच्या .४०५ साठी सुमारे ०.१८.

.२४३ ची गोळी वजनाने .४०५ च्या एक तृतीयांश आहे, तरी तिची छेदघनता जवळजवळ तितकीच आहे, कारण ती बारीक आणि लांब आहे. लहान कॅलिबरमध्येही व्यासाच्या मानाने लांब आणि जड गोळी निवडली तर भेदन साधता येते.

५. रचना : निर्णायक कसोटी

गोळी शरीरात शिरल्यावर तिचे काय होते, यावर सर्वाधिक अवलंबून असते. त्यानुसार मुख्य प्रकार असे :

पूर्ण धातुवेष्टित गोळी. शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे अखंड आवरण असते. ती फुलत नाही. सुईसारखी आरपार जाऊ शकते किंवा आत कलंडून तुटू शकते. परिणामाचा भरवसा नसतो.

नरम टोकाची किंवा पोकळ टोकाची गोळी. टोकाशी शिसे उघडे किंवा पोकळी असते. आघाताने ती अळंबीसारखी फुलते.

ठिसूळ गोळी. उपद्रवी लहान प्राण्यांसाठी बनवलेली. ती वरच्यावरच फुटते. हरणावर वापरल्यास मोठी उथळ जखम होते आणि जनावर जिवंत पळते.

जोडगाभ्याची किंवा अखंड तांब्याची गोळी. ती फुलते, पण तुकडे होत नाहीत. बहुतेक वजन टिकून राहते.

येथे एक इतिहास लक्षात घ्यावा. १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या डमडम येथील शस्त्रागारात फुलणारी गोळी तयार झाली. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. शिकारीचा नियम नेमका उलट आहे : इंग्लंडच्या हरीण कायद्यानुसार रायफलने हरीण मारताना फुलणारी गोळीच वापरावी लागते. त्यामागचा विचार असा की शिकारीत जनावर जखमी होऊन सुटता कामा नये. पुण्याच्या एआरडीईने विकसित केलेली इन्सास रायफल ५.५६ मिलिमीटरची, म्हणजे .२२३ च्याच जवळची आहे. पण तिची लष्करी गोळी धातुवेष्टित असल्याने ती शिकारीची गोळी नव्हे.

आता लहान कॅलिबरची खरी अडचण पाहू. .२२३ ची गोळी फुलून व्यासाने दुप्पट झाली तर ती ११.४ मिलिमीटर होते, म्हणजे न फुललेल्या .४०५ हूनही रुंद. पण व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते आणि छेदघनता एक चतुर्थांश उरते. त्यातच तुकडे उडाले तर वस्तुमानही घटते आणि गोळी छातीपर्यंत पोहोचण्याआधीच थांबते. जड गोळीला हा तोटा परवडतो, हलक्या गोळीला परवडत नाही. म्हणून कॅलिबर जितके लहान, तितकी गोळी मजबूत रचनेची हवी, हे या पाठाचे मुख्य सूत्र आहे.

६. पेच आणि धातू

नळीतल्या पेचदार खाचा गोळीला फिरकी देतात. लांब गोळी स्थिर राहण्यासाठी फिरकी जलद लागते. एम-१६ रायफलच्या सुरुवातीच्या नळ्यांत १२ इंचांत एक वेढा होता. पुढे लांब गोळी आली तेव्हा तो ७ इंचांत एक केला गेला. जुन्या संथ पेचाच्या नळीतून लांब गोळी झाडल्यास ती डगमगते आणि नेम चुकतो.

शिशाची घनता घनसेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, तांब्याची सुमारे ९. म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते आणि तिला जलद पेच लागतो. तरीही तांब्याकडे कल वाढतो आहे, कारण शिशाचे सूक्ष्म कण मांसात राहतात आणि ते अवशेष खाणारे पक्षी विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियाने कॉन्डोर गिधाडांच्या अनुभवानंतर १ जुलै २०१९ पासून सर्व वन्यजीव शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यावर बंदी घातली.

७. सोडवलेले उदाहरण

*प्रश्न :* इंग्लंडमध्ये .२२३ ची ५५ ग्रेनची नरम टोकाची गोळी हरणासाठी चालेल का?

*उत्तर :* तेथे सर्वसाधारण हरणांसाठी किमान कॅलिबर .२४० इंच आणि नळीच्या तोंडाशी किमान ऊर्जा २,३०५ ज्यूल लागते. आपली गोळी दोन्ही अटींत बसत नाही. मात्र चिनी मुंटजॅकसाठी, म्हणजे आपल्या भेकराच्या छोट्या भावंडासाठी, किमान .२२० इंच, ५० ग्रेन आणि १,३५६ ज्यूल पुरतात. १,७४० ज्यूल असल्याने येथे ती चालते. म्हणजे लहान शरीराच्या हरणासाठी चालेल, मोठ्या हरणासाठी.२४३ किंवा त्याहून मोठे काडतूस घ्यावे लागेल.

८. भारतातील स्थिती

भारतात ही निवड करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला काही प्राण्यांसाठी शिकार परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. चितळ, सांबर, भेकर किंवा काळवीट मारणे हा गुन्हा आहे. जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणे हेसुद्धा कायद्याच्या व्याख्येत शिकारच ठरते.

तरीही हे ज्ञान पशुवैद्यक, वनरक्षक आणि न्यायसहायक विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना लागते. बन्नेरघट्ट्यासारख्या जंगलात मृत हरीण सापडले, तर क्ष-किरण चित्रात विखुरलेले शिशाचे कण फुटलेल्या गोळीकडे बोट दाखवतात. एकच फुललेला तुकडा मजबूत गोळीकडे. गोळीवरच्या खाचांची संख्या, रुंदी आणि दिशा यांवरून रायफलचा प्रकार ओळखायला मदत होते. म्हणून शवविच्छेदनात गोळी धातूच्या चिमट्याने ओरबाडून काढू नये. खाचा पुसल्या तर पुरावा गेला.

सारांश

कॅलिबर फक्त रुंदी सांगते. ऊर्जा वेगावर, भेदन छेदघनतेवर आणि अंतिम परिणाम गोळीच्या रचनेवर ठरतो. गोळी लहान असेल तर चुकीला जागा कमी उरते आणि चुकीची किंमत जनावर मोजते.

स्वाध्याय

१. .२२ लाँग रायफल आणि .२२३ यांचा व्यास जवळपास सारखा असूनही ऊर्जा इतकी वेगळी का?

२. .२२३ साठी ७७ ग्रेनची गोळी घेतल्यास छेदघनता किती होईल? (१ ग्रेन = ०.०६४८ ग्रॅम)

३. युद्धात निषिद्ध असलेली गोळी शिकारीत सक्तीची का, ते आपल्या शब्दांत लिहा.