टप्पा

आटगावच्या स्थानकावर उतरून तानशाच्या रानाकडे निघालेल्या वाटसरूने एखाद्या ठाकराला पाणवठा किती लांब आहे असे विचारले, तर मैलांत किंवा किलोमीटरांत उत्तर मिळण्याची आशा त्याने धरू नये. ‘हाकेवर’, ‘दोन हाकांवर’, ‘एक विडी सरंल एवढा’ अशी उत्तरे मिळतात. आणि ती ढोबळ असतात असा ज्याचा समज असेल, त्याने ती एकदा पायांनी पडताळून पाहावीत. हाक कुठवर पोचते हे झाडीच्या दाटीवर, वाऱ्याच्या रोखावर आणि दिवसाच्या प्रहरावर अवलंबून असते; त्यामुळे या मोजमापात अंतराबरोबर रानाचीही हकीकत येऊन जाते. पण या सगळ्या शब्दांत नेमका आणि काटेकोर शब्द म्हणजे ‘टप्पा’. गोफणीचा टप्पा वेगळा, तीरकामठ्याचा वेगळा, ठासणीच्या बंदुकीचा त्याहून वेगळा. आणि जनावर टप्प्यात आले की नाही, या एका प्रश्नाच्या उत्तरावर पूर्वी कित्येक घरांची त्या रात्रीची चूल अवलंबून असे.

हा शब्द मला नव्याने उमगला तो वैशाखी पौर्णिमेच्या एका रात्री, मुंबईला पाणी पुरवण्यासाठी बांधून १८९२ साली पुऱ्या झालेल्या तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यात. १९७० साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या या रानात वनखात्याच्या रीतसर परवानगीने प्राणिगणनेसाठी आम्ही तिघे एका मचाणावर बसलो होतो: बीटाचे वनरक्षक, सत्तरी ओलांडलेला एक ठाकर म्हातारा, आणि मी. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेल्या एका जुन्या ऐनावर जमिनीपासून पंधराएक फुटांवर बांबू बांधून त्यावर गवताच्या पेंढ्या टाकल्या होत्या. खाली ओढ्यातला शेवटचा डोह, त्याच्या पलीकडच्या काठावर एक काळा पाषाण, आणि सभोवार पानगळ होऊन उघडा पडलेला साग. वणव्याच्या दिवसांत रानात आगकाडी नको म्हणून वनरक्षकांनी म्हाताऱ्याच्या विड्या आधीच जप्त केल्या होत्या. म्हाताऱ्याने त्याबद्दल तक्रार केली नाही; कमरेच्या फडक्यातून त्याने काटेसावरीच्या कापसाचा एक चिमटा काढला, त्यातले चार तंतू बोटांतून सोडले, आणि ते पाण्याकडे न जाता आमच्या पाठीमागे तरंगत गेले असे पाहून तो निवांत बसला.

माझ्या गळ्यात दहा बाय पन्नासची दुर्बीण होती. दुर्बीण घेताना मनुष्य पहिल्या आकड्याला भुलतो, तसा मीही भुललो होतो. आठपटीपेक्षा दहापट अधिक, आणि अधिक ते चांगले, हा हिशेब दुकानात बिनतोड वाटतो. वास्तविक पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले असता डोळ्याला मिळणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास निघतो. माझ्या दुर्बिणीचा तो पाच मिलिमीटर, आणि वनरक्षकांजवळच्या, रंग उडालेल्या आठ बाय चाळीसचाही पाचच. म्हणजे प्रकाशाच्या बाबतीत माझ्या दुर्बिणीला कवडीचाही अधिकार अधिक नव्हता. मात्र दृश्याचा विस्तार कमी होता, आणि हाताचा कंप आठऐवजी दहा पटींनी वाढून त्या अरुंद वर्तुळात सारे रान थरथरत होते. खिशात मावणाऱ्या दहा बाय पंचवीसच्या दुर्बिणीची तर गोष्टच नको. तिचा झोत अडीच मिलिमीटरांचा, त्यामुळे सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात ती निरुपयोगी होते. उलट जहाजांवर वापरतात ती सात बाय पन्नास अंधारात उत्तम खरी, कारण तरुण डोळ्याची बाहुली काळोखात सात मिलिमीटरांपर्यंत विस्फारते. परंतु माझ्या वयाच्या माणसाची बाहुली पाचाच्या आसपासच अडते, आणि वरचा प्रकाश फुकट जातो. ही शेवटची माहिती कोणी विक्रेता ग्राहकाला आपण होऊन देत असेल असे मला वाटत नाही.

सातला काही मिनिटे कमी असताना म्हाताऱ्याने माझ्या गुडघ्यावर दोन बोटे टेकली. मी तत्काळ दुर्बीण लावली आणि सागाच्या खोडांखेरीज काहीही न दिसल्यामुळे ती डावीउजवीकडे फिरवू लागलो. “नलीत डोला घालू नको,” तो कानाशी पुटपुटला; ठाकरी बोलीच्या शिरस्त्याप्रमाणे तो मला, वनरक्षकांना आणि बहुधा कलेक्टरलाही ‘तू’च म्हणत असावा. “आधी मोकल्या डोल्यानं बघ. मंग नली लाव.” तसे केले तेव्हा काळ्या पाषाणाच्या डावीकडे एक तपकिरी आकृती उभी असलेली दिसली. मला ती दूर, साठ-सत्तर मीटरांवर आणि चांगली मोठी भासली; सांबराची मादी असावी असे वाटून मी तसे वनरक्षकांना खुणेने सांगितलेही. म्हाताऱ्याने मान हलवली आणि ओठ न हलवता म्हटले, “भेकर. चालीस पावलां.”

दुर्बीण स्थिर झाल्यावर पाहिले, तर ते भेकरच होते, नर. कपाळावरून डोळ्यांमधून खाली उतरलेल्या त्या दोन काळसर कंगोऱ्यांमुळे त्याचा चेहरा सदा चिंताक्रांत दिसतो. त्याच कंगोऱ्यांच्या वरच्या टोकांना केसाळ खुंट आणि त्यांवर बोटभर शिंगे. त्याने पुढचा एक पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरून ठेवला, जणू काही तो जमिनीवर टेकण्यास कोणाची मंजुरी हवी होती. मग मान खाली गेली. पाण्याला तोंड लागण्यापूर्वी तीनदा ती अर्ध्यावरून परत वर आली. खांद्याशी जेमतेम दोन फूट भरणारे हे जनावर मला सांबराच्या मादीएवढे का वाटले, याचा उलगडा सोपा आहे: संधिप्रकाशात अंतर ओळखण्यास डोळ्याजवळ ओळखीच्या वस्तूच्या आकाराखेरीज दुसरे फारसे साधन उरत नाही, आणि ती वस्तू कोणती याविषयीच चूक झाली की अंतरही चुकते. जवळचे भेकर आणि दूरचे सांबर डोळ्याच्या पडद्यावर सारखीच जागा व्यापतात.

हीच चूक बंदूकवाल्याच्या हातून झाली, तर तिचे फळ जनावराला भोगावे लागे. म्हातारा पोरवयात हाकाऱ्यांबरोबर गेला होता. तो काळ १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यपशुपक्षी संरक्षण कायद्याचा, परवाने काढून शिकार करण्याचा होता. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने त्या कायद्याची जागा घेतली, आणि आज भेकरावर बंदूक रोखणे हा सरळ अपराध आहे. पण त्या काळच्या बंदुकांविषयी तो बोलू लागला म्हणजे तपशील कुठेही अडखळत नसे. ठासणीच्या बंदुकीची गोळी इतकी संथ की साठ मीटर जाईपर्यंत चार-पाच इंच खाली येई. बारा बोअरच्या एलजी काडतुसातील मोठे छर्रे चाळीस यार्डांपलीकडे पांगत आणि जनावर मरण्याऐवजी फुटलेले पोट घेऊन करवंदीत शिरे. दुर्बिणीचा नेम त्या शिकाऱ्यांपैकी कोणाजवळ नव्हता; नळीच्या टोकावरील पितळी मण्याला, म्हणजे माशीला, हे लोक मोजपट्टी म्हणून वापरत. तीन मिलिमीटरांची माशी डोळ्यापासून मीटरभर अंतरावर धरली असता ती साठ मीटरांवर अठरा सेंटिमीटर झाकते. एवढ्याने भेकराच्या छातीचा बराचसा भाग झाकला जातो. म्हाताऱ्याला हा त्रैराशिकाचा भाग ठाऊक नव्हता. त्याला नियम ठाऊक होता: माशीखाली खांदा दिसेनासा झाला की बार टाकायचा नाही, पुढे सरकायचे, पुढे सरकणे जमत नसेल तर घरी जायचे.

परदेशी शिकारीची पुस्तके वाचून ज्यांच्या कल्पना तयार झाल्या आहेत, त्यांना हे मागासलेपण वाटेल. पण स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरउतारांवर तांबड्या हरणाच्या मागे पोटावर सरपटत जाणाऱ्यास दीडशे-दोनशे यार्डांपलीकडे आडोसाच उरत नाही, म्हणून तेथे बंदुकीवर दुर्बिणीचा नेम आवश्यक ठरतो. आणि जर्मनीत मचाणावरून काळोख पडता पडता रानडुकराची वाट पाहणारा आठ बाय छप्पन्नसारखे जाडजूड भिंग बसवतो, कारण त्याची अडचण अंतराची नसून उजेडाची असते. तानशाच्या रानात श्रावणात पंधरा पावलांपलीकडे दिसत नाही आणि चैत्रातही शंभर पावलांची मोकळी रेघ मिळाली तर नशीब समजावे. येथे मोठ्या पटीचे भिंग म्हणजे समोरच्या पानाच्या शिरा मोजण्याचे यंत्र. भिंग रानाने निवडावे लागते, पाहणाऱ्याने नव्हे. आणि माझ्या दहा बाय पन्नासने त्या रात्री हेच पदरात घातले.

बंदूक गेली तरी अंतराचा प्रश्न मात्र गेला नाही. तो वनखात्याच्या दफ्तरात जाऊन बसला. देशातील व्याघ्रगणनेत २००६ पासून दर चार वर्षांनी वाघाच्या भक्ष्याचीही मोजदाद होते, आणि ती करण्याची रीत अशी की आखलेल्या रेषेवर पहाटे चालायचे, जनावर दिसताच होकायंत्राने कोन आणि लेसरच्या यंत्राने अंतर टिपायचे. त्या दोहोंवरून जनावर रेषेपासून काटकोनात किती दूर होते ते काढतात: साठ मीटरांवर तीस अंशांत दिसलेले सांबर रेषेपासून तीस मीटर. रेषेपासून दूर जावे तशी जनावरे नजरेतून निसटत जातात. ती कशा प्रमाणात निसटली याचा हिशेब या अंतरांवरूनच मांडतात आणि न दिसलेल्या जनावरांचा अंदाज करतात. म्हणून अंतर कमी टिपले गेले की कागदावर रान उगाच जनावरांनी भरून जाते.

मुरबाडच्या बाजूला, सिद्धगडाच्या पायथ्याच्या रानात, मागल्या मार्गशीर्षात या रीतीचा सराव करण्यासाठी मी एक रेषा चाललो होतो. झाडीत सांबराची मादी कान रोखून उभी. मी यंत्राचे बटण दाबले, आकडा आला अकरा, आणि इमानेइतबारे अकरा लिहिला. यंत्र खोटे बोलले नव्हते. ते अदृश्य किरणांचा एक झपका सोडते आणि तो परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढते. साठ मीटर जाऊन येण्यास सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही निम्म्याहून कमी वेळ. परंतु माझा झपका सांबरापर्यंत पोचलाच नव्हता; वाटेतल्या करवंदीच्या पानावरून तो परतला होता. बरोबरच्या जाणत्याने यंत्र मागून घेतले, मादी निघून जाईपर्यंत थांबला, आणि ती ज्या हेदाच्या खोडाला लागून उभी होती त्या खोडावर झपका टाकला. चव्वेचाळीस. जनावर मोजू नये, जनावराशेजारचे झाड मोजावे, हा धडा मी खोडलेल्या अकराच्या वर चव्वेचाळीस लिहून घेतला.

तानशाच्या त्या रात्री भेकरानंतर दोन रानडुकरे, एक उदमांजर आणि पहाटे पाचच्या सुमारास, चंद्र मावळतीकडे कलला असताना, एक चौशिंगा आला. चौशिंगा खरे पाहता हरिण-कुळातला नव्हे, त्याची शिंगे गळत नाहीत. पण पाण्यावाचून त्याला चालत नाही, म्हणून पाणवठ्यावर बसणाऱ्याच्या वाट्याला तो कधी कधी येतो. त्याच्याकडे मी आधी मोकळ्या डोळ्यांनी पाहिले, मग वनरक्षकांची रंग उडालेली दुर्बीण मागून घेतली. माझी पेंढ्यांवर पडून होती.

उजाडल्यावर मचाणावरूनच मी काळ्या पाषाणावर झपका टाकला. एकतीस मीटर. म्हातारा तोवर खाली उतरून ऐनाच्या बुंध्यापासून पाषाणाकडे, पाण्याला वळसा न घालता गुडघाभर डोहातून, मोठ्याने आकडे म्हणत चालला होता. पाषाणाला हात लावला तेव्हा तो एकेचाळीसवर होता, आणि पाण्यात पाऊल आखूड पडते असे त्याने तिथूनच ओरडून सांगितले. गणनेचा छापील तक्ता वनरक्षकांनी माझ्यापुढे धरला. त्यात वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू, संख्या एवढेच रकाने होते. अंतराला रकाना नव्हता. “शेऱ्यात घाला,” वनरक्षक म्हणाले. सातला आठ मिनिटे कमी, भेकर, नर, एक, अशी ओळ भरून शेऱ्याच्या अरुंद रकान्यात मी ‘३१ मीटर’ लिहिले, आणि म्हातारा ओले पाय झटकत खांद्यावरून वाकून पाहत होता म्हणून त्याच्यापुढे कंसात ‘४० पावले’ हेही लिहिले.