कोऱ्या जागेत काय लिहायचं?

वाचकहो, सबमिशनच्या ऐन धामधुमीत 140 शुभेच्छापत्रं कोणाच्या गळ्यात पडावीत? अर्थात माझ्याच! लेडीज हॉस्टेलची कल्चरल सेक्रेटरी ना मी! दिवाळीच्या सुट्टीआधी मेसच्या मावश्या, वॉचमनकाका, ऑफिस आणि लायब्ररीचा स्टाफ, निवृत्त झालेल्या रेक्टर मॅडम अशा सगळ्यांना हॉस्टेलतर्फे कार्ड द्यायचं ठरलं. कार्डं छापून आली. बाहेर पणती, आत उजव्या पानावर ‘ही दीपावली आपणांस व आपल्या कुटुंबीयांस सुखसमृद्धीची जावो’ आणि खाली ‘आपल्या विद्यार्थिनी’. मी फक्त वरच्या टिंबांवर नाव घालायचं. त्यात काय एवढं?

आता मी पडले कॉन्व्हेंटवाली. ‘डिअर सर’पासून ‘युवर्स फेथफुली’पर्यंत सगळं तोंडपाठ; मराठी मायना म्हटला की पेन अडतो. शेवटी रूममेटला विचारलं. वायवाची तयारी करता करता ती म्हणाली, “बायकांना सौ., पुरुषांना श्री. विषय संपला.” मी एका रात्रीत 140 उडवली.

सकाळी नाश्त्याला मेसमधली कार्डं वाटली. दुपारी पोळ्या वाढणाऱ्या मावशींनी त्यांचं कार्ड माझ्या हातात परत दिलं. रागावल्या अजिबात नव्हत्या. म्हणाल्या, “ताई, तेवढं सौ. काढून द्या. मग ठेवते.”

मला कळेचना. मग दुसऱ्या मावशींनी बाजूला घेऊन सांगितलं. यांचे मिस्टर जूनमध्ये वारले. जूनमध्ये त्या तीन आठवडे रजेवर होत्या, हे मला चांगलं आठवत होतं. त्या दिवसांत पोळ्या जाड येतात म्हणून तक्रारवहीत लिहिणारी मीच होते!

त्या संध्याकाळी आईला फोन लावला आणि हा सगळा प्रकार नीट समजून घेतला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची अवस्था माझ्यासारखीच असणार, म्हणून लिहिते. सौ. म्हणजे सौभाग्यवती, जिचा नवरा हयात आहे ती. इंग्रजीतलं ‘मिसेस’ नवरा गेल्यावरही तसंच राहतं, सौ. राहत नाही. श्रीमतीचा घोळ वेगळाच. सरकारी कागदावर ते सरसकट सगळ्या बायकांना लावतात, पण घरगुती पत्रात अजूनही अनेक जण त्याचा अर्थ विधवा असाच घेतात. म्हणजे नवरा असलेल्या काकूंना ‘श्रीमती’ लिहिलं तरी पंचाईत! माझं मत विचाराल तर जिथे खात्री नाही तिथे दोन्ही नकोत. तोंडाने आपण ज्या नावाने हाक मारतो तेच लिहावं. मावशी, काकू, मॅडम. कोणाला राग येत नाही.

बाकीचं सोपं आहे. आईवडिलांना ‘तीर्थरूप’, इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’. मोठ्यांना साष्टांग नमस्कार, बरोबरीच्यांना सप्रेम. ‘प्रा. डॉ. श्री.’ अशी आगगाडी जोडू नये, ‘डॉ.’ असेल तर ‘श्री.’ गाळावं.

पण माझी दुसरी चूक याहून मोठी होती. ज्या घरात वर्षाच्या आत कोणी गेलंय त्या घरी सण साजरा करत नाहीत. आमच्याकडे तर अशा घरी फराळाचं तळणही होत नाही, शेजारपाजारचे डबा नेऊन देतात. तिथे सुखसमृद्धीचं कार्ड कसलं पाठवता? सौ. खोडून भागणार नव्हतंच. शिवाय छापील कार्डावर खाडाखोड दिसली की समोरच्याला तीच आधी दिसते. दुसरं कार्डच घ्यावं.

मग छापील मजकुराचा उपयोग काय, असा प्रश्न मला पडला. ख्रिसमस कार्डांच्या जन्माची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. लंडनच्या हेन्री कोल या गृहस्थांना 1843च्या नाताळात सगळ्यांना पत्रं लिहायला सवड नव्हती. त्यांनी जॉन कॉलकॉट हॉर्सले या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि सुमारे हजार कार्डं छापली. उरलेली एक शिलिंगला एक अशी विकली. हे पहिलं छापील ख्रिसमस कार्ड मानतात. गंमत अशी की एवढा घाईतला माणूस, पण कार्डावर वर ज्याला द्यायचं त्याच्यासाठी आणि खाली पाठवणाऱ्यासाठी जागा कोरी ठेवलेली होती. शुभेच्छा छापखान्याने द्यायच्या, माणसं आपण भरायची!

ती कोरी जागा नुसत्या सहीने भरणं म्हणजे मस्टरवर हजेरी लावणं. पूर्वी याला निदान सबब होती. पाकीट न चिकटवता, झाकण आत खोचून, कोपऱ्यात ‘बुक-पोस्ट’ लिहिलं की कार्ड कमी पैशांत जायचं, आणि त्यात पत्राचा मजकूर चालत नसे. आपल्याला कोणी अडवलंय? छापलेलंच पुन्हा हाताने लिहू नका. आत ‘सुखसमृद्धीची’ असताना खाली ‘भरभराटीची’ लिहून काय मिळतं? त्या माणसालाच कळेल अशी एक ओळ पुरे. नाव छापलेलं असलं तरी खाली सही हाताने करावी. डावं पान कोरं असतं, लांबलचक लिहायचं तर तिकडे. आणि हो, गुळगुळीत कार्डावर जेल पेन वापरू नका. माझी नऊ कार्डं मिटल्यावर पलीकडच्या पानावर उमटली. बॉलपेन घ्या आणि मिटायची घाई करू नका.

मावशींसाठी साधा पांढरा जाड कागद घडी घालून घेतला. पणती नाही, शुभ दीपावली नाही. ‘मावशी, परीक्षेच्या दिवसांत रात्री अकरा वाजता तुम्ही माझ्यासाठी पोळ्या झाकून ठेवल्यात. जूनमध्ये मी तुमची साधी चौकशीही केली नाही, माफ करा.’ एवढंच. ‘चौकशी’ पहिली की दुसरी, हे रूममेटला दोनदा विचारलं. मावशींनी उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाल्या, “अक्षर बरं आहे की तुमचं.” तो कागद त्यांनी डब्याच्या पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी पोळी वाढताना त्यांनी सांगितलं, मिस्टर गिरणीत होते, त्यांचं अक्षर फार सुंदर होतं.

खोक्यात उरलेली कार्डं मी पुन्हा एकेक करून काढायला बसले. तिसऱ्याच कार्डावर माझ्या अक्षरात ‘श्री. वॉचमनकाका’! दोन वर्षं रोज रात्री रजिस्टरवर माझी सही घेणाऱ्या माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. पेन तिथेच टाकला आणि चपला घालून गेटवर विचारायला गेले.