हर्सूल ते विद्यापीठ: स्वस्त इअरफोन घेताना खोक्यावरचं काय वाचायचं?

पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा दिनक्रम सारखाच असतो. सकाळी हर्सूल तलावाच्या बाजूला चालणं किंवा पळणं, मग सिटी बस नाहीतर शेअरिंगची रिक्षा पकडून विद्यापीठ, आणि या सगळ्यात कानात कुठलं तरी लेक्चर. त्यामुळे "हजार-पंधराशेत आवाज अडवणारे चांगले इअरफोन कोणते?" हा प्रश्न मला नेट-सेटच्या प्रश्नांइतकाच विचारला जातो. मॉडेलचं नाव सांगून उपयोग नाही, चार महिन्यांत ते बाजारातून गायब होतं. निवडायचं कसं ते सांगते.

आधी एक हिशोब करू, कारण खरा प्रश्न कानाचा आहे. समजा, जळगाव रोडवर बसमध्ये ८० डेसिबल आवाज आहे. बोलणं नीट कळावं म्हणून तुम्ही लेक्चर त्याच्या वर ९ डेसिबल नेता, म्हणजे ८९. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची मर्यादा आहे आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल. डेसिबल लॉगरिदमिक असतो. दर ३ डेसिबलला ध्वनिऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. जाऊन-येऊन रोज दीड तास धरला तरी सहा दिवसांचे ९ तास झाले. आता कानात नीट बसलेल्या बोळ्यांनी बाहेरचा आवाज १५ डेसिबलने अडवला असं धरा. तेच लेक्चर ७४ वर तितकंच स्पष्ट ऐकू येतं. ७४ ला मर्यादा निघते १६० तास, आणि आठवड्यात एकूण तासच १६८! सिग्नल वाढवण्यापेक्षा नॉइज कमी करा, हे प्रयोगशाळेत आपण रोज करतो. इथेही तेच. आतल्या कानातल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत (पक्ष्यांमध्ये उगवतात, आपलं नशीब तेवढं नाही). म्हणून ही खरेदी चैनीची समजू नका.

आवाज अडवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला साधा: कानाची नळी बोळ्याने बंद करायची. दुसरा एएनसी: छोटा मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि इअरफोन त्याच्या उलट्या फेजचा आवाज सोडून तो मारतो. कल्पना जुनी आहे, पॉल ल्यूग यांना तिचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्ये मिळालं. पण उलटी लाट अगदी वेळेवर पोचावी लागते, म्हणून ही युक्ती खालच्या, सावकाश कंपनांवरच नीट चालते. साधारण १००० हर्ट्झच्या वर तिचा जोर संपतो.

आता बसचं इंजिन घ्या. चार सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक, १८०० आरपीएम. म्हणजे सेकंदाला ३० फेरे, प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट, मूळ कंपन ६० हर्ट्झ. या लाटेची लांबी जवळपास पावणेसहा मीटर. अशी घरघर ढिल्या बोळ्याच्या फटीतून आरामात आत येते. तिथे एएनसी कामाचं. उलट हर्सूल टी पॉइंटवरचे हॉर्न, जिममध्ये आपटणाऱ्या प्लेटा, शेजारच्याचं फोनवरचं बोलणं यांत वरची कंपनं भरपूर. ती बोळा चांगली अडवतो, एएनसी फारसं नाही.

म्हणून माझं मत: पैसे कमी असतील तर एएनसीच्या मागे लागू नका. चांगले बसणारे वायरवाले इन-इअर आणि फोमचे बोळे हजाराच्या आत होतात, आणि त्या किमतीतल्या बहुतेक एएनसीवाल्यांपेक्षा बोलणं जास्त स्वच्छ ऐकवतात.

पैठण गेटला दुकानात गेलात की खोक्यावर तीन गोष्टी दिसतील. एक, "ईएनसी". हे एएनसी नाही! ईएनसी फोनवर बोलताना तुमच्या मायक्रोफोनमधला गोंगाट कमी करतं. फायदा समोरच्याला, तुमच्या कानाला शून्य. दोन, "३२ डेसिबलपर्यंत". या "पर्यंत" शब्दावर बोट ठेवा. कोणत्या फ्रिक्वेन्सीला? कुठे मोजलं? बहुधा तो सगळ्यात अनुकूल जागेचा आकडा असतो, सरासरी नव्हे. पेपर वाचताना अक्ष आणि परिस्थिती न दिलेला आलेख मान्य कराल का? मग खोक्यालाही तोच नियम लावा. तीन, "आयपीएक्स ४". शेवटचा आकडा पाण्याचा: ४ म्हणजे सगळीकडून उडणारे शिंतोडे, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. एक्सचा अर्थ धुळीची चाचणी जाहीर केलेली नाही. चाचणी साध्या पाण्याची असते, घाम खारट, त्यामुळे व्यायामानंतर पुसून ठेवा. व्यायामासाठी ४ पुरतो.

बसतात की नाही हे ओळखायची फुकटची चाचणी आहे. इअरफोन घाला, काही न लावता तोंड मिटून "म्म्म" करा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर कान नीट बंद झालाय. एका कानात घुमतो आणि दुसऱ्यात नाही, असं झालं तर त्या बाजूचा बोळा बदला. दोन कानांना वेगळे साइझ लागणं अगदी सामान्य आहे. फोमचा बोळा बोटांत बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, घालायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. नुसता खुपसला तर अर्धा फायदा वाया.

पण हाच घुमणारा परिणाम पळताना त्रास देतो. प्रत्येक पाऊल हाडांतून कानापर्यंत धप्प धप्प पोचतं, वायर कपड्याला घासली की तीही ऐकू येते. वायर कानामागून घेतली तर घासणं बरंच कमी होतं. पावलांचं मात्र काही करता येत नाही. म्हणून जिममध्ये बंद बोळे चालतील. तलावाकडे पळताना मी सिलिकॉनचे थोडे सैल बोळे वापरते, आणि जळगाव रोड ओलांडताना एक कान मोकळा ठेवते, कारण तिथे मागून येणारा ट्रक ऐकू येणं लेक्चरपेक्षा महत्त्वाचं आहे. दुचाकीवर तर इअरफोन नकोच, स्वस्त असो की महाग.

वायरलेसच घ्यायचे असतील तर शंभर-दोनशे रुपये फोमच्या बोळ्यांसाठी बाजूला ठेवा, आणि घेण्याआधी डबीचं झाकण त्या बोळ्यांसकट बंद होतं का ते बघा. बऱ्याच डब्यांमध्ये होत नाही, आणि मग चार्जिंगच होत नाही.