तिसरी मुलगी आणि एक कायदा

राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी 'दबावगट' शिकवले. कारखानदार, कामगार, ऊसउत्पादक अशी उदाहरणे वहीत उतरली. पण ज्यांच्यापाशी ना पैसा, ना मतांचे गठ्ठे, त्यांनी सरकारला हलवायचे कसे? मी शिरूर अनंतपाळच्या एका घरातली तिसरी मुलगी. साहजिकच उत्तर शोधताना माझे लक्ष एका कायद्याकडे गेले.

गर्भजलपरीक्षा आली गर्भातील व्यंग ओळखण्यासाठी. वापरली गेली मुलगी ओळखण्यासाठी. आज पाचशे खर्चा, पुढचे पन्नास हजार वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती त्या काळी झळकत. याविरुद्ध १९८५ साली मुंबईत लिंगनिदान व लिंगनिवडविरोधी मंच उभा राहिला. स्त्रीसंघटना, डॉक्टर, वकील, लोकविज्ञान चळवळीतील मंडळी असे नाना मतांचे लोक त्यात होते.

खरी अडचण तिथेच होती. गर्भपाताला १९७१ च्या कायद्याने मान्यता मिळालेली. 'गर्भहत्या' म्हणून ओरड केली असती, तर स्त्रियांची तीच सोय धोक्यात आली असती. म्हणून मंचाने मागणी नेमकी ठेवली : बंदी हवी ती चाचणीवर, गर्भपातावर नव्हे. काय मागायचे नाही हे आधी ठरले, म्हणूनच ही माणसे एकत्र राहिली असावीत, असे मला वाटते.

मोर्चे निघाले. मृणाल गोरे यांनी विधानसभेत प्रश्न लावून धरला. सरकारनेच डॉ. संजीव कुलकर्णी यांच्याकडून करवलेल्या पाहणीत मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी ४२ जण ही चाचणी करतात असे आढळले. मग 'असे कुठे होते?' म्हणायची सोय उरली नाही. १९८८ साली महाराष्ट्राने कायदा केला; देशातला पहिला.

मात्र खासगी केंद्रे परवाना घेऊन चालूच राहिली, आणि राज्याची हद्द ओलांडली की कायदा संपे. (आमच्यापासून कर्नाटक असे किती लांब?) केंद्राचा कायदा १९९४ चा. तोही कागदावर राहिला, तेव्हा २००० साली 'सेहत' व 'मासूम' या संस्था आणि साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००१ मध्ये न्यायालयाने अंमलबजावणीचे आदेश दिले. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे राज्यातील मुली १९९१ साली ९४६ होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. शेजारच्या बीडमध्ये तर ८०७.

गेल्या वर्षी थोरल्या ताईबरोबर सोनोग्राफीला गेलो होतो. भिंतीवर पाटी होती. आजीला वाचता येत नाही. मी वाचून दाखवली.

"ह्ये कुणी लिवायला लावलं गं?" आजीने विचारले.

ताईचा नंबर येईपर्यंत बाकावर बसून मी तिला मुंबईच्या त्या मंचाची हकिकत सांगितली.