दाटपणाची नक्षी

तेल आणि कास्टिक सोड्याचे पाणी एकत्र घुसळून ते मिश्रण चुलीवर न चढवता साच्यात ओतायचे आणि त्याच्या अंगच्या उष्णतेवरच त्याचा साबण होऊ द्यायचा, या रीतीला थंड पद्धत म्हणतात. मिश्रण ओतण्याजोगे पातळ आहे तोवर त्याचे भाग करून प्रत्येकात वेगळा रंग कालवणे, आणि मग ते भाग पुन्हा एकमेकांत अशा बेताने सोडणे की रंग शेजारी नांदतील पण एकजीव होणार नाहीत, हे नक्षीदार साबणाचे सारे तंत्र होय. पाहणाऱ्याचे लक्ष रंगांकडे जाते. करणाऱ्याचे मात्र दाटपणाकडे असावे लागते, कारण वडीवरची रेघ केसासारखी बारीक उमटेल की फिसकटेल, हे रंगापेक्षा दाटपणाच ठरवतो. अबू धाबी बेटाबाहेर, विमानतळाच्या बाजूला वसलेल्या खलिफा सिटीत उन्हाळ्यात बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि घरात एसी दिवसरात्र चालू असतो. तिथे हा दाटपणा सांभाळताना पुण्या-नाशिकच्या स्वयंपाकघरातले अंदाज जसेच्या तसे चालत नाहीत.

तेल हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने ग्लिसरीन आणि मेदाम्ले यांचे संयुग असते. कास्टिक सोडा, म्हणजेच सोडियम हायड्रॉक्साइड, ही जोडणी तोडतो. मेदाम्ले सोडियमशी बांधली जाऊन साबण तयार होतो आणि ग्लिसरीन मोकळे होऊन वडीतच राहते. या क्रियेला साबणीकरण म्हणतात. तेलाची ही घडण उलगडणारा ग्रंथ मिशेल शेव्हरल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२३ साली प्रसिद्ध केला. हाच शेव्हरल पुढे पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या शाही कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला, आणि एकच रंग शेजारच्या रंगामुळे वेगळा भासतो, हा नियम त्याने १८३९ च्या ग्रंथात मांडला. करडी पट्टी पिवळ्याशेजारी जांभळट दिसते ती याच कारणाने. साबणाचे रसायन आणि रंगांचे शेजारधर्म एकाच माणसाने अभ्यासावेत, ही नक्षीदार साबण करणाऱ्यांना मोठी मोलाची वाटावी अशी गोष्ट आहे.

प्रत्येक तेलाला लागणारा सोडा ठरलेला असतो, म्हणून येथे वाटी-चमच्याचे माप चालत नाही, ग्रॅमचा काटाच लागतो. उदाहरणार्थ, ऑलिव्ह तेल ५०० ग्रॅम, खोबरेल ३००, राइस ब्रान तेल १५० आणि एरंडेल ५० ग्रॅम असे किलोभर तेल घेतले, तर ते पूर्ण साबणात उतरवण्यास सुमारे १४८ ग्रॅम सोडा लागतो. पण थोडे तेल मुद्दाम शिल्लक राहून वडी त्वचेला सौम्य व्हावी म्हणून त्यात पाच टक्के कपात करून सुमारे १४१ ग्रॅम घेतात, आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे २८२ ग्रॅम पाणी. तेलांचे प्रमाण बदलले की हिशेब पुन्हा मांडावा लागतो. सोडा नेहमी पाण्यात सोडावा, पाणी सोड्यावर कधीही ओतू नये, कारण मिश्रण क्षणात तापून उसळते. हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल हवेच, भांडे स्टीलचे किंवा जाड प्लास्टिकचे हवे, ॲल्युमिनियमचे नको, कारण त्याच्याशी सोड्याची क्रिया होऊन ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. मुले आसपास असतील तर हे काम त्या दिवशी करूच नये. अंगावर थेंब उडालाच तर व्हिनेगर वगैरे न शोधता तो भाग वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरावा.

खलिफा सिटीतला पहिला प्रश्न पाण्याचा. तेथील नळाला समुद्राचे निःक्षारीकरण केलेले पाणी येते, पण ते गच्चीवरच्या टाकीत साठत असल्याने उन्हाळ्यात थंड पाण्याच्या नळालाही चटका बसेल असे येते. सोडा विरघळताना पाणी एरवीच ८०-९० अंशांपर्यंत तापते. त्यात सुरुवातच गरम पाण्याने झाली तर ते धोक्याचे. म्हणून बाटलीबंद डिस्टिल्ड पाणी फ्रीजमध्ये गार करून वापरणे हिताचे, शिवाय नळाच्या पाण्यातील धातूंच्या अंशाने साबण खवट होण्याची भीतीही त्याने टळते. दुसरा प्रश्न याच्या अगदी उलट आहे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठते, आणि एसी लावलेल्या स्वयंपाकघराचे तापमान नेमके त्याच घरात असते. तेल पुरेसे कोमट न करता मिश्रण घुसळले, तर साबणीकरण पुढे न सरकताच खोबरेल थिजून मिश्रण दाट झाल्याचा भास होतो. हा खोटा दाटपणा नवख्याला हमखास फसवतो: तो समाधानाने ओततो, आणि साच्यात मिश्रण तापू लागल्यावर तेल वेगळे होऊन वर तरंगते. तेल आणि सोड्याचे पाणी दोन्ही ३५ ते ४० अंशांवर आणून मग एकत्र करणे, आणि भांडे एसीच्या झोताखाली न ठेवणे, एवढ्याने हे संकट बहुधा टळते.

खरा दाटपणा ओळखण्याची खूण सोपी आहे. हँड ब्लेंडर उचलून त्यावरून धार सोडली असता तिची रेघ पृष्ठभागावर क्षणभर टिकून मग विरते; या अवस्थेला साबण करणारे ‘ट्रेस’ म्हणतात. बारीक लहरींसाठी मिश्रण बासुंदीइतके दाट पुरे, ठळक पट्ट्यांसाठी इडलीच्या पिठाइतके हवे, आणि श्रीखंडासारखे झाले की नक्षीचा विचार सोडून ते चमच्याने साच्यात भरणेच उरते. बासुंदीपासून श्रीखंडापर्यंतचा हा प्रवास कधी वीस मिनिटांचा असतो, तर लवंग तेलासारखा सुगंध घातला की काही सेकंदांचा. ब्लेंडर सतत फिरवण्याऐवजी थोडा फिरवून पुढे हाताने ढवळावे, असे जाणते सांगतात ते यासाठीच.

ओतण्याचे प्रकार अनेक आहेत. पांढऱ्या मिश्रणाने अर्धा भरलेल्या उभट साच्यात निळ्या मिश्रणाची धार हातभर उंचीवरून सोडली तर ती पांढऱ्यात खोल बुडते आणि खाली लांबट थेंबाचा आकार घेते. तीच धार साच्याच्या काठाशी आणून सोडली तर वरच पसरून राहते. थरावर थर दिल्यावर साच्याच्या लांबीइतकी वाकवलेली जाड तार तळापर्यंत बुडवून हलकेच वर-खाली फिरवली की थर एकमेकांत ओढले जातात. पसरट साच्यात रंगांच्या ओळी ओढून त्यांतून दातेरी फणी फिरवली, तर मोरपिसासारखी नक्षी उठते. ही शेवटची रीत कागदावरच्या अब्री कामाची सख्खी बहीण आहे. फारसीत अब्र म्हणजे ढग. चिकट द्रव्याने दाट केलेल्या पाण्यावर रंग तरंगवून, ते काडीने वा फणीने ओढून कागदावर उतरवण्याची ही कला सतराव्या शतकात दख्खनमध्ये, विशेषतः आदिलशाही विजापुरात, इतकी बहरली की तेथील चित्रकारांनी हाडे निघालेल्या घोड्यांच्या आकृतीसुद्धा अब्रीने भरल्या. पाणी दाट केल्याशिवाय रंगाची रेघ टिकत नाही, हे त्या कारागिरांना चांगले उमगलेले होते.

रंग निवडताना सोड्याचा क्षारगुण ध्यानात ठेवावा लागतो. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, हे मराठी घरांना सांगायला नको. साबणातही हळद प्रथम तांबूस होते, मग केशरी-पिवळी होऊन उजेडात फिकटते. रतनजोत तेलात लाल उतरते आणि साबणात जांभळट-निळी होते. जास्वंद आणि बीट मातकट पडतात. गेरूतले लोहाचे ऑक्साइड मात्र ढळत नाही, म्हणून सौंदर्यप्रसाधनांसाठी शुद्ध केलेली ऑक्साइडे, कोळशाची पूड आणि नीळ हे भरवशाचे रंग. आखातात सहज मिळणारे उंटिणीचे दूध वापरायचे झाले तर ते गोठवून घ्यावे लागते, अन्यथा त्यातली साखर सोड्याच्या उष्णतेने करपून पांढरा थर तपकिरी होतो.

साधारण दिवसाभराने ठोकळा कापण्याजोगा घट्ट होतो, आणि आत काय घडले ते तेव्हाच दिसते. आडवा काप दिला तर एक नक्षी, उभा दिला तर दुसरीच. गार खोलीत ठोकळ्याचा मधलाच भाग तापला असेल तर कापावर गडद वर्तुळ दिसते आणि लहरी त्यात हरवतात. वड्या पुढे चार ते सहा आठवडे जाळीवर मुरवाव्या लागतात. त्या अवधीत पाणी उडते, वडी कठीण आणि सौम्य होते. अनंत चतुर्दशीला ओतलेला साबण नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानापर्यंत सहसा सहा आठवड्यांहून थोडा अधिकच मुरलेला असतो. आखाती दमट दिवसांत ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून वडीवर दवासारखे थेंब आणते, म्हणून जाळी बाल्कनीत न ठेवता एसीच्या खोलीत, भिंतीपासून दूर ठेवतात. वापरात वडी झिजत जाते तसतशा आतल्या रेघा जागा बदलतात. पहिल्या दिवशी काठाशी असलेला निळा थेंब तिसऱ्या आठवड्यात मध्यावर आलेला असतो.