दिव्याचें तेल आणि रस्त्यावरचा धूर

खनिज तेल शुद्ध करतांना तें तापवून त्याची वाफ उंच मनोऱ्यांत सोडतात. कमीअधिक उष्णमानास तिच्यापासून निरनिराळीं तेलें वेगळीं होतात. रॉकेल आणि डिझेल हीं त्यांतलीं पाठोपाठचीं भावंडें. त्यांचे गुण इतके जवळचे कीं, डिझेलांत थोडें रॉकेल गेलें तरी एंजिन चालतच राहतें. अशा या दोन तेलांच्या भावांत सरकारी धोरणानें मोठें अंतर पाडलें, आणि त्या अंतरापायीं महाराष्ट्रांतील एका अधिकाऱ्यास प्राणास मुकावें लागलें.

रॉकेल हें गरिबाच्या दिव्याचें व स्टोव्हचें तेल. तें त्याला परवडावें म्हणून शिधापत्रिकेवर स्वस्त दिलें जाई. या हेतूला नांवें ठेवण्याजोगें कांहीं नव्हतें. परंतु २००२ पासून २०१० पर्यंत हा दर लिटरला ९ रुपयांच्या आसपास जणूं खिळून राहिला. त्याच काळांत जगाच्या बाजारांत कच्च्या तेलाचें पिंप २५ डॉलरांच्या आसपासहून जुलै २००८ मध्यें १४७ डॉलरांपर्यंत चढलें. २०११ च्या आरंभीं शिधापत्रिकेवरचें रॉकेल १२-१३ रुपयांस मिळे, तर डिझेल चाळिशीच्या घरांत होतें. शेजारच्या दोन हौदांत पाण्याची पातळी इतकी भिन्न असली, तर मधली भिंत झिरपल्यावांचून कशी राहील?

भिंत बांधण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. स्वस्त रॉकेलास निळा रंग दिला, तर तो काढून टाकण्याच्या युक्त्या निघाल्या. २००६ मध्यें भेसळ ओळखूं यावी म्हणून एक निराळें रसायन मिसळण्यास आरंभ झाला. तो उपायहि दोन-अडीच वर्षांतच सोडून द्यावा लागला. गरिबांसाठीं निघालेल्या रॉकेलापैकीं शेंकडा ३८ च्या सुमारास भलतीकडे जातें, असा अंदाज राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेनें २००५ सालींच दिला होता.

२५ जानेवारी २०११ रोजीं नाशिक जिल्ह्यांत मनमाडजवळ, जेथें तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत तेथें, मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांच्या दृष्टीस असाच चोरटा व्यवहार पडला. ते त्याचें चित्रण करूं लागले, तेव्हां त्यांना भर दिवसां रॉकेल ओतून जाळण्यांत आलें. राज्यभर सरकारी नोकरांनीं काम बंद ठेवून निषेध केला, छापे पडले. भावांतलें अंतर मात्र होतें तेथेंच राहिलें.

या भेसळीची दुसरी बाजू हवेची. शिधापत्रिकेवरच्या रॉकेलांत गंधकाचें प्रमाण शेंकडा ०.२५ पर्यंत चालत असे. २०१० मध्यें देशभर लागू झालेल्या नियमानें डिझेलास ०.०३५ ची मर्यादा घातली. म्हणजे एका खात्यानें कायदा करून डिझेल निर्मळ करावें, आणि दुसऱ्या खात्यानें ठरविलेल्या भावानें त्यांत पुन्हां गंधक ओतावें, असा हा प्रकार!

डिझेलाच्या बाबतींतहि तेंच घडलें. जून २०१० मध्यें पेट्रोलाचा भाव मोकळा केला. डिझेलाचा शेतकऱ्यासाठीं व मालवाहतुकीसाठीं रोखून धरला. मे २०१२ अखेर दिल्लींत पेट्रोल ७३ रुपये, तर डिझेल ४१ रुपये होतें. त्या सुमारास विकल्या जाणाऱ्या नव्या खासगी मोटारींपैकीं निम्म्याच्या आसपास डिझेलच्या होत्या. नांगराच्या नांवानें दिलेली सवलत बंगल्याच्या दारांतल्या गाडीनें उचलली. पुढच्याच महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें डिझेलाचा धूर कर्करोगकारक असल्याचें जाहीर केलें.

जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला जेमतेम ५० पैशांनीं वाढूं लागलें, आणि ऑक्टोबर २०१४ मध्यें तेंहि मोकळें झालें. कच्च्या तेलाचे भाव तेव्हां कोसळत होते. परंतु नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळांत उत्पादन शुल्क नऊ वेळां वाढलें. अनुदानाच्या दारानें बाहेर पडलेलें सरकार कराच्या दारानें परत आंत आलें, इतकेंच. रॉकेलाचा दर जुलै २०१६ पासून पंचवीस-पंचवीस पैशांनीं चढत गेला, आणि २०२० मध्यें त्यावरील अनुदान संपलें.

मग गरिबाच्या चुलीचें काय? मे २०१६ मध्यें उज्ज्वला योजना निघाली व कोट्यवधि घरांत गॅस पोंचला. शेगडी एकदां मिळाली कीं मिळाली. सिलिंडर मात्र पुन्हां पुन्हां विकत घ्यावा लागतो. त्याचे भाव चढले, तेव्हां मे २०२२ मध्यें या घरांपुरतें सिलिंडरमागें २०० रुपयांचें अनुदान द्यावें लागलें, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें तें ३०० रुपये झालें. या वेळीं सवलत बाटलीच्या भावांत न घालतां ग्राहकाच्या बँकेंतल्या खात्यावर जमा होऊं लागली, त्यामुळें ती वाटेंत झिरपण्यास जागा कमी राहिली. तरीहि सिलिंडर संपला, कीं नवा आणावयाचा कीं कोपऱ्यांतली चूल फुंकावयाची, हें घरांतली बाई हातांतले पैसे मोजूनच ठरविते. आणि तिच्या चुलीचा धूर पहिल्यानें तिच्याच डोळ्यांत जातो.