लिनोलियम की विनाइल? आधी ओळखा, मग पॉलिश घ्या

मानपाडा असो, वाघबीळ असो की कासारवडवली, घोडबंदर रोडवरच्या अनेक भाड्याच्या घरांत जुन्या लादीवर शीट अंथरलेली दिसते. लादी बदलायला घरमालक सहसा तयार नसतो आणि शीट खिशाला परवडते. मग ईद जवळ आली किंवा घरात मंगनी ठरली की हीच शीट मळकट वाटू लागते आणि आपण दुकानात जाऊन म्हणतो, "चमक येईल असं काहीतरी द्या." गडबड इथेच होते. चुकीच्या पॉलिशने पैसे वाया जातात, शीट खराब झाली तर डिपॉझिटवरून वाद होतो, आणि घरातलं वयस्कर माणूस घसरून पडलं तर त्याची भरपाई कशानेच होत नाही.

आपल्या घरात नेमकं काय आहे?

बोलताना आपण सगळ्याच शीटला 'लिनोलियम' म्हणतो, पण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लिनोलियम १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी तयार केलं. जवसाचं तेल, राळ, बुचाची पूड, लाकडाचा भुसा आणि चुनखडीची पूड एकत्र करून ते तागाच्या कापडावर दाबून बसवतात. विनाइल म्हणजे पीव्हीसी, सरळ प्लास्टिक. आज बाजारात स्वस्तात मिळणारी शीट बहुतेक वेळा विनाइलच असते.

ओळखायला सोपं आहे. दाराजवळची कापलेली कड किंवा उरलेला तुकडा पाहा. खाली तागाचं कापड असेल आणि रंग आरपार असेल तर ते लिनोलियम. वर पारदर्शक थर, त्याखाली छापील डिझाइन आणि तळाला फोम किंवा प्लास्टिक असेल तर ते विनाइल.

कशाला काय चालतं?

लिनोलियमचं वाकडं आहे ते सोड्याशी. धुण्याचा सोडा किंवा अमोनिया असलेलं कडक क्लीनर वापरलं की त्यातल्या जवसाच्या तेलाचा हळूहळू साबण होऊ लागतो. साबण बनतो तीच ही क्रिया. शीट कोरडी पडते, तडकते. ॲसिडही नको, कारण आत चुनखडी आहे. त्यावर सौम्य, 'न्यूट्रल' लिहिलेलं क्लीनर आणि पाण्यावर आधारित पॉलिश वापरावं.

विनाइलला त्रास होतो रॉकेल, थिनर आणि पेट्रोलसारख्या द्रवांचा. लादी पुसायच्या पाण्यात थोडं रॉकेल टाकायची जुनी सवय दगडी फरशीवर खपून गेली असेल, विनाइलवर नाही. शीट मऊ आणि चिकट होते, डिझाइन उडतं. डब्यातलं घट्ट मेण-पॉलिशही टाळा, त्यातही बहुधा असेच द्रव असतात. विनाइलसाठी 'वॉटर-बेस्ड' आणि 'ॲक्रिलिक' किंवा 'पॉलिमर' असं लेबलवर लिहिलेलं पॉलिश घ्यावं.

काही विनाइल शीटवर कारखान्यातच पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो. त्यावर पॉलिश नीट धरत नाही, पापुद्रे निघतात. अशा शीटला पॉलिशची गरजच नाही, ओला फडका पुरे. आणि वरचा थर झिजून छापील डिझाइनच गेलं असेल तर कुठलंही पॉलिश ते परत आणत नाही.

लावायचं कसं?

घोडबंदर रोडवर कंटेनरची वर्दळ असते, त्यामुळे घरात बारीक कच येतच राहते. तीच पायाखाली घासून चमक घालवते. म्हणून आधी झाडून घ्या, पुसा, पूर्ण वाळू द्या. कपाटाखालच्या कोपऱ्यात थोडं लावून बघा. मग खोलीच्या आतून दाराकडे येत पातळ थर द्या. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर चांगले. पहिला वाळल्याशिवाय दुसरा नको. पावसाळ्यात हवा दमट असल्याने वाळायला जास्त वेळ लागतो. घाई केली की चिकटपणा राहतो आणि सगळी धूळ त्यावर बसते.

रबरी तळ असलेली पायपुसणी आणि जानमाज विनाइलवर कायम अंथरून ठेवू नका. रबरामुळे पिवळे डाग पडतात आणि ते पॉलिशने जात नाहीत. सुती पायपुसणं बरं.

वुजूची वाट

आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. आपल्या घरांत दिवसातून पाच वेळा ओले पाय बाथरूममधून नमाजच्या जागेपर्यंत जातात. चकचकीत फरशीवर पाणी पडलं की ती निसरडी होते, आणि फजरच्या वेळी अर्धवट उजेडात दादी-नानांना ते दिसतही नाही. या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडण्याची भीती. म्हणून बाथरूम ते जानमाज या पट्ट्यात पॉलिश लावूच नका. बाकी घरासाठी लेबलवर 'नॉन-स्लिप' लिहिलेलं निवडा. फर्निचरचं पॉलिश किंवा खोबरेल तेल फरशीवर कधीच नको. बाथरूमच्या दाराशी जाड सुती पायपुसणं ठेवा, आणि पाय पुसूनच पुढे यायची सवय मुलांनाही लावा.

दुकानात जाताना शीटचा तुकडा किंवा कडेचा फोटो सोबत न्या. दुकानदाराला आधी तो दाखवा, मग बाटली मागा.